माळढोकाची वाट

"अंड्यातून पिल्लू निघेपर्यंत माळढोकाची जागा कुणाला दाखवू नका, मावशी," तळ्यावरचे पक्षी दुर्बिणीतून बघणारे मास्तर बजावून गेले होते आणि सारजाबाईनं शब्द दिला होता. वैशाख सरता सरता रानात नवऱ्यासोबत धसकटं वेचताना तिच्यापाशी बंदूकवाल्यांची जीप थांबली. "ए बाई, माळढोक ह्याच गाडीवाटेनं ना?" नाही म्हणावं तर खोटं, आणि गळ्यात माळ घातल्यापासून तिच्या तोंडून खोटं निघालं नव्हतं. गप्प राहावं तर वाट थेट अंड्यापाशीच जात होती. जीपनं धूर सोडला. "फुडं वाटंत लई मोठा खड्डा हाय, उलटंल की जीप!" ती एकदम बोलून गेली. शिव्या घालत मंडळी माघारी वळली. धुरळा बसल्यावर नवरा हसू दाबत म्हणाला, "आगं, तितं खड्डा कुटं हाय?" सारजाबाई कुदळ खांद्यावर टाकून त्या वाटेला लागली.