बिसरामची शीळ

गवताच्या काडीवर बसलेला पक्षी कोणता, हे बिसरामला ओळखता येईना, आणि त्याचं डोकं फिरलं. बर्बिस नदीकाठच्या या रानात टोवा-टोवा ही गाणारी पाखरं पकडण्यात त्याची हयात गेली होती. याची चोच तशीच जाड होती. अंग तपकिरी, म्हणजे यंदाचंच पिल्लू. पण असलं गाणं रानातला टोवा-टोवा गात नाही.

ही दुसरीच कुठली तरी जात असावी, असं त्याचा जोडीदार क्लेमंट म्हणाला. बिसरामने त्याला खेकसून गप्प केलं.

पक्षी पुन्हा गायला. शेवटी चार सूर, तिसरा लांबवलेला, चौथा मध्येच तोडलेला. बिसरामच्या हातातली, पाखरं चिकटवून पकडायची चीक लावलेली काडी गळून पडली. ती त्याची स्वतःची शीळ होती. रोज सकाळी दाढी करताना तो ती सुलतानला शिकवायचा.

सुलतान म्हणजे त्याचा पाळलेला टोवा-टोवा. रविवारच्या शिळेच्या शर्यतीत त्याने भल्याभल्यांचे पक्षी गारद केले होते. गेल्या वर्षी मोठ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याचा पिंजरा रिकामा सापडला. शर्यतीच्या तोंडावर पक्षी गेला की गावात कुणी पुरावा मागत बसत नाही. ज्याचा पक्षी जिंकतो, तोच चोर. दुसऱ्या दिवशी शेजारच्या हरिलालचा पक्षी पहिला आला. बिसरामने कुंपणाशी उभं राहून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. लहानपणापासूनचा दोस्त, पण हरिलाल ना हो म्हणाला, ना नाही. मान खाली घालून ऐकत राहिला. चोर तोंड कुठून उघडणार, असं बिसराम गावभर सांगत सुटला. पुढे हरिलालची आई वारली, सगळं गाव त्याच्या अंगणात जमलं, तेव्हा बिसरामने खिडक्या लावून घेतल्या. बायकोलाही उंबरठा ओलांडू दिला नाही.

"पिल्लू बापाकडूनच गाणं शिकतं," क्लेमंट म्हणाला. "सुलतान इथेच संसार करतोय, बिसराम. चोरणारा माणूस पक्षी रानात कशाला सोडेल?"

बिसराम तरातरा घरी आला. वर्षभराचा राग आता कुणावर काढायचा, तेच त्याला समजेना, आणि त्यामुळे तो आणखीच भडकला. त्याची बायको दुलारी मागच्या दारी मासे साफ करत होती. पिंजऱ्याचं दार कुणी उघडलं, असं त्याने ओरडून विचारलं.

ती उठून भिंतीला टेकली. पिंजरा धुताना कडी नीट लागली नव्हती, तिने सांगून टाकलं. पाखरू भुर्रकन उडालं. कुंपणापलीकडून हरिलालने ते पाहिलं.

"पाहिलं? आणि वर्षभर माझ्या शिव्या खात बसला? अक्कल गहाण टाकली होती काय त्याने?"

त्याचा हात केव्हाच वर गेला होता. दुलारी त्या हाताकडे बघत होती.

"मला म्हणाला, वहिनी, चोर मलाच ठरू दे. मला तो नुसत्या शिव्याच देईल."