मार खाणारं डबडं

घरातल्या त्या लाकडी खोक्याच्या टीव्हीवर मुंग्या आल्या की बाबा उठायचे आणि त्याला सणसणीत ठेवून द्यायचे. "मार खाल्ल्याशिवाय वठणीवर येतच नाही हे डबडं!" तळहात लालबुंद होईपर्यंत, दम लागेपर्यंत बदडायचे आणि मग निवांत बातम्या बघत बसायचे. गंमत म्हणजे दिवसभर गुण्यागोविंदाने चालणारं ते डबडं नेमकं बाबा कामावरून चिडून आले की खरखरायला लागायचं. मेकॅनिकने कितीदा उघडून बघितलं, पण दोष काही सापडला नाही.

एखाद्या संध्याकाळी टीव्ही धड चालला, तर तोच हात आईवर पडायचा. एकदा तिचा ओठ फाटला, एकदा कानाचा पडदा.

आज लेकाने जुना टीव्ही भंगारात दिला आणि भिंतीवर नवा, पाटीसारखा सपाट टीव्ही लावला.

"सुटलं बिचारं! जन्मभर मार खाल्ला त्याने," तो हसत म्हणाला. "आई, आता खरखर नाही की मुंग्या नाहीत. चित्र बघ कसं, आरशासारखं!"

आई चित्राकडे बघतच नव्हती. फाटकाशी बाबांची गाडी वाजली, तशी ती धावत भिंतीशी गेली आणि नव्या टीव्हीच्या मागे बोटं घालून चाचपडू लागली.



"अरे, याची वायर कुठून ढिली करायची? सांग ना लवकर!"