दोन बादल्या पाणी

बादलीभर पाणी ओट्यावर आपटलं आणि पंकजची पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

“बाजूले व्हा बे, पाणी टाकाचं हाये!” वामनराव ओरडले. उन्हाळ्यात दर संध्याकाळी, पाचच्या ठोक्याला, गेली दहा वर्षं ते हेच ओरडत आले होते.

पंकजच्या जिभेवर शिवी आली. बयनाबाईंनी त्याच्या दंडाला चिमटा काढला. “तोंडाले कुलूप लाव. आज आपण मागाले आलो.”

मागायची होती जागा. गावात युवा केंद्र बांधायचं चाललं होतं. एक खोली व्यायामाला, एक परीक्षांच्या अभ्यासाला. बायका जेवढी रक्कम उभी करतील तेवढीच सरकार घालणार होतं. आणि बायकांनी ती उभी केली. बयनाबाई सरपंच झाल्या तरी कापूस वेचायला जातच होत्या. त्यांनी वेचणीतच शब्द टाकला होता, घरटी एक ओटी कापूस केंद्राचा. कमरेला बांधलेल्या ओट्या सोडत बाया ओळीनं आल्या. जिला शेत नाही तिनं एका दिवसाची मजुरी दिली. त्या पांढऱ्या ढिगापुढं पंकजनं हात जोडले होते. देवळातही त्यानं कधी इतक्या मनापासून जोडले नव्हते.

मग पाळी आली बाप्यांची. जमिनी त्यांच्या नावावर. सभेत टाळ्या पिटणारे हात जागेचं नाव निघताच खिशात गेले. कुणाला म्हैस सोडायची आठवली, कुणाला जावई. उद्धवरावांनी एक तुकडा देऊ केला तो नाल्यातला, पावसाळ्यात कमरेएवढं पाणी. वर दारावर बापाचं नाव पाहिजे, संगमरवरात. लाज विकून खाल्लेली माणसं! आज शनिवार. सोमवारपर्यंत जागेचा कागद लागला नाही तर सरकारची रक्कम दुसऱ्या गावाला जाणार होती, आणि बायांच्या कापसाचं चीज होणार नव्हतं.

उरली ही एकच जागा. जैनथ गावाला जाणारी ऑटो जिथं थांबते तिथलं वामनरावांचं बंद पडलेलं किराणा दुकान आणि त्याच्यापुढचा लांबलचक दगडी ओटा.

पण वामनराव म्हणजे पोरांचा वैरी. पोरं ओट्यावर टेकली रे टेकली की म्हातारा बादल्या घेऊन हजर. दोन बादल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोरं शिव्या घालत उठायची आणि सातला, पाणी वाळलं की परत यायची. म्हाताऱ्याची खोड जिरवली म्हणत मांड्या ठोकून बसायची. मे महिन्यात गावातला दगड न् दगड भाजून निघे, पण या ओट्यावर बुडाला गारवा लागायचा. इथंच पंकज मोठा झाला. इथंच दोस्तांनी त्याला नापास झाल्यावर सावरलं, पास झाल्यावर खांद्यावर घेतलं. मागच्या साली मात्र त्याचा तोल सुटला. त्यानं वामनरावांची बादली लाथेनं नालीत उडवली. तीच चेपलेली बादली आत्ता म्हाताऱ्याच्या हातात होती. दुसरी, भरलेली, पायरीशी.

“बोला,” वामनराव म्हणाले.

बयनाबाई बोलल्या. लांबण लावलं नाही.

वामनरावांनी ओले हात धोतराला पुसले. “दुकान घ्या. ओट्यासकट. सोमवारी पंचायतीच्या नावानं लिहून देतो.”

पंकजला आधी ऐकलेलं खरंच वाटेना. मग तो पुढं झाला. “आबा, ते... मागच्या साली तुमची बादली मीच...”

“मालूम हाये. नेम चांगला हाये तुहा.”

दारात उभ्या कुसुमबाई पदराआड हसल्या. नवऱ्यानं जागा दिल्याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

“दारावर नाव कोनाचं लावाचं?” बयनाबाईंनी विचारलं. उद्धवरावांनी लावलेली सवय.

“नाव काय चाटाचं हाये? पन एक अट हाये.”

आली अट! पंकजनं मनात म्हटलं. देणारा हात असा रिकामा थोडाच येतो.

“उन्हाळाभर, रोज पाच वाजता, ह्या ओट्यावर दोन बादल्या पाणी पडलं पाह्यजे. कागदावर लिहून घ्या.”

पंकजचं डोकं फिरलं. बयनाबाईंनी पुन्हा चिमटा काढला, तो त्याला लागलासुद्धा नाही. “म्हंजे केंद्र आमचं, आन् ओट्यावर आमी बसाचंच नाही? काऊन आबा? एवढं काय वाकडं केलं आमी तुमचं?”

वामनराव त्याच्याकडं बघतच राहिले. हा पोरगा काय बोलतोय, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

“येडा झाला का बे? दिवसभर तापलेला दगड हाये हा. पाचाले पाणी नाही मारलं, त साताले तुमी पोट्टे बसान कुठं, तव्यावर?”

ओट्यावरून वाफ निघत होती.

दुसरी बादली पंकजनं टाकली.