दुखवट्याची कॉफी

“डबा उघड, हिल्का! माझ्या लेकासाठी रडायला आलेल्यांना भाजक्या जवाचं काळं पाणी पाजणार आहेस?” सासूबाई कडाडल्या.

त्यांचा मुलगा, हिल्काचा नवरा वेइक्को, सीमेवर बेपत्ता झाल्याची तार आली होती. पाद्रीबाबांसकट सारं गाव जमलं होतं, आणि फिनलंडच्या त्या खेड्यात दुखवट्याला आलेल्यांना कॉफी द्यायची रीत होती. पण युद्धापायी कॉफी मिळेनाशी झाली होती. डब्यातल्या मूठभर बिया हिल्कानं वेइक्को परतेल त्या दिवसासाठी जिवापाड जपल्या होत्या.

“बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, आई. ही कॉफी दुखवट्याची नाही,” म्हणत तिनं सगळ्यांपुढे जवाचं पाणीच ठेवलं. बायका कुजबुजल्या. सासूबाईंनी अबोला धरला.

बर्फ वितळू लागला आणि एका दुपारी कुबडी टेकत वेइक्को दारात उभा राहिला.

हिल्का त्याला बिलगून रडतेय तोवर सासूबाईंनी डबा उघडलासुद्धा. मांडीत छोटी चक्की धरून त्या गरागरा दांडा फिरवू लागल्या. “खिडक्या उघड गं! गावभर जाऊ दे वास. आणि पाद्रीबाबांना निरोप धाड, म्हणावं, रडायला आला होतात ना, आता कॉफी प्यायला या!”