वरच्या पट्ट्या

किल्लीवाल्यानं पियानोचं झाकण बंद केलं तेव्हा त्याला येऊन पाऊण तासही झाला नव्हता. पूर्वी याच कामाला अडीच तास लागत.

"झालं?" मास्तरांनी खुर्चीतूनच विचारलं.

"झालं की."

"वरच्या पट्ट्या?"

"त्याही झाल्या," असं म्हणत तो हत्यारं पिशवीत भरायला लागला.

साफ खोटं. उजव्या टोकाच्या वीस पट्ट्यांना त्यानं बोटही लावलं नव्हतं. आज नाही, गेल्या खेपेला नाही, त्याच्या आधीच्या तीन खेपांनाही नाही.

मास्तरांना वरचे सूर ऐकू येत नाहीत हे जगात तिघांनाच माहीत होतं. मास्तर, त्यांची बायको आणि हा पियानो लावणारा. जन्मभर गाण्यांना चाली लावलेला माणूस, त्याचेच कान चालले म्हटल्यावर लोक काय काय बोलतील, म्हणून तिघांनी झाकली मूठ ठेवली होती. खालचे आणि मधले सूर त्यांना ठणठणीत ऐकू येत. वर गेलं की नुसतं लाकूड वाजायचं, टक टक.

वहिनी होत्या तोवर त्यांचे कान दोघांना पुरत. त्या स्वयंपाकघरात भांडी घासायच्या, घासताना शीळ घालायच्या, आणि मध्येच थांबून ओरडायच्या, "अहो किल्लीवाले, शेवटून तिसरी अजून रडतेय." हे नावही त्यांनीच ठेवलेलं, त्याच्या हातातल्या तारा पिळायच्या किल्लीवरून. तिसरी रडायची थांबली नाही तर चहा मिळत नसे.

त्या गेल्यावर तो पहिल्यांदा आला तेव्हा वरच्या पट्ट्यांपाशी त्याचा हात अडला. स्वयंपाकघरातून कुणी ओरडेना. त्याला भडभडून आलं आणि त्यानं तसंच झाकण लावलं. ते दुःख होतं, अगदी खरं होतं. पण दुसऱ्या खेपेला कसलं आलंय दुःख? मास्तरांना ऐकू येत नाही, दुसरं कुणी वाजवत नाही, मग कुणासाठी मान मोडून घ्यायची, असा सरळ हिशेब त्यानं केला. कामचुकारपणाची सुरुवात नेहमी चांगल्या कारणानंच होते. तेव्हापासून तो तीन महिन्यांनी यायचा, पाट्या टाकायचा आणि चहा घेऊन जायचा.

"बस जरा," मास्तर म्हणाले. "पुढच्या वेळी येऊ नकोस. पियानो शाळेला देतोय. परवा टेम्पो येईल न्यायला."

"अहो, पण का?"

मग मास्तरांनी सांगितलं.

वहिनींची एक शीळ होती. पाच-सहा सुरांची, कायम तीच ती. कुकरसुद्धा याहून बरी शिट्टी देतो, असं म्हणून मास्तर त्यांना चिडवायचे. त्या गेल्यावर वर्षभर बसून त्यांनी त्या शिळेचं गाणं केलं. शीळ उंच, म्हणून गाणंही सगळं वरच्या पट्ट्यांवरच. त्यातला एकही सूर त्यांना ऐकू येत नव्हता. पण शीळ डोक्यात पक्की होती. बोटं टेकवली की वहिनी मागं भांडी घासत उभ्या असल्यासारखं वाटायचं. उभ्या जन्मात आपल्या हातून इतकं चांगलं काही झालं नाही, असं त्यांना रोज वाटे. वहिनींना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी त्यांनी घरची माणसं बोलावली आणि ते वाजवलं.

"संपल्यावर मान वर करून पाहिलं," मास्तर म्हणाले. "सगळे खाली जमिनीकडे बघत होते. मेहुणा म्हणाला, चहा टाकू या का. धाकट्या नातीनं कानांवर हात धरले होते. तिच्या आईनं ते हळूच खाली ओढले."

वर्षभरात त्या तारा किती उतरल्या असतील, कशा एकमेकींशी भांडत वाजल्या असतील, हे किल्लीवाल्याइतकं कुणाला कळणार होतं? त्याला स्वतःची शरम वाटली. त्यानं पिशवीतून किल्ली पुन्हा बाहेर काढली.

"मास्तर, ते गाणं परत वाजवा. लगेच नको, दोन तासांनी. तोवर मी जरा..."

"फाडलं रे. त्याच संध्याकाळी."

"पण डोक्यात असेल ना? शीळ तरी असेल."

"तीही नाही," मास्तर म्हणाले. "आठवायला बसलो की नातीचे हातच दिसतात. शीळ येतच नाही आता."

किल्लीवाला उठून त्यांच्यासमोर गेला. हातातली किल्ली कुठं ठेवावी हे त्याला सुचेना. "मास्तर, गाण्यात काही खोट नव्हती हो. त्या वरच्या पट्ट्याच..."

मास्तरांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते हसले, आणि ते हसणं फार मायेचं होतं.

"मलाही आधी तेच वाटलं होतं, की पियानोच बेसूर असेल. मग माझी मलाच लाज वाटली. सत्तावीस वर्षं तू लावतोयस तो. तुझ्या हातचा सूर कधी ढळायचा नाही. खोट गाण्यातच होती."