आजोबांचा नवा नाद

कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि आजोबा शेजारच्याच खोलीत कॅमेऱ्याच्या स्टँडचे पाय आवळत बसले होते.

सून खारूला शाळेतून घेऊन आली, तेव्हा शिट्ट्या थांबून करपल्याचा वास सुटला होता. दप्तर दारात टाकून ती चपलांसकट स्वयंपाकघरात धावली. गॅस बंद केला. पाणी केव्हाच आटलं होतं आणि बटाट्यांनी तळ धरला होता.

"अण्णा, अहो, कुकर!" ती तिथूनच ओरडली.

आजोबा स्टँडचा पाय आवळतच राहिले. दुसरीतली खारू तेवढी आजोबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "आजोबा, कुकर करपला. आई चिडलीय."

"अरेच्चा!" आजोबांनी जीभ चावली. "या स्टँडच्या नादात भानच राहिलं नाही बघ."

सुनेने करपलेला कुकर पाण्याखाली धरला. सोमवारपासून तिला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रुजू व्हायचं होतं. खारूच्या जन्मानंतर तिथली नोकरी सुटली होती, आता लॅबवाल्यांनी आपणहून परत बोलावलं होतं. नवरा परगावी, शनिवार-रविवार येणारा. म्हणजे शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत खारू या आजोबांच्या भरवशावर. आज बटाटे करपले. उद्या?

तिने नवऱ्याला फोन लावला.

"अगं, जन्मभर पोरांना शिकवलं त्यांनी," तो हसत म्हणाला. "आता एक छंद लागला तर लागू दे की. पत्ते कुटत तर बसत नाहीत!"

"पत्ते कुटत बसले असते तर निदान मान वर करून बघितलं असतं."

कॅमेरा घ्यायला तीच त्यांच्याबरोबर गेली होती. दुकानदार मोठा बोलका. "काका, नवीन शिकताय ना? मग हा छोटा माइक घेऊनच टाका. चित्र कसंही चालतं हो, आवाज खराब आला की सगळं फुकट."

आजोबा त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. मग म्हणाले, "माइक राहू दे. चेहरा स्वच्छ येतो का, तेवढं सांगा."

छंद नवा असला की माणसं फुलं टिपतात, मांजरं टिपतात, ढगसुद्धा सोडत नाहीत. आजोबांनी यातलं काही केलं नाही. खारूला खिडकीसमोर बसवायचं, उजेड तोंडावर घ्यायचा आणि तिचा चेहरा पडदाभर आणायचा. बस्स, एवढंच.

"पान, बाण, मान," खारू म्हणायची.

"पुन्हा. सावकाश. आणि तोंडावरचा हात काढ."

"कसली स्पर्धा आहे का गं शाळेत?" सुनेने एकदा विचारलं.

"नाही. आमचा अभ्यास चाललाय," खारू म्हणाली आणि फिसकन हसली.

दुपारी आजोबा तेच तेच व्हिडिओ पाहत बसत. तेही आवाज पार बंद करून.

"आवाज तरी वाढवा, अण्णा." ती त्यांच्या पाठीमागून म्हणाली होती.

आजोबा पडद्यावरच डोळे लावून बसले. खारू पुढे सरकली. "आजोबा, आई म्हणतेय, आवाज वाढवा."

"तू काय पोपट आहेस का गं?" सून खेकसली. "मी बोलले ना त्यांच्याशी!"

"चित्र कसं आलंय ते पाहतोय मी," आजोबा शांतपणे म्हणाले. "आवाजाने लक्ष उडतं."

आता करपलेला कुकर पालथा घालताना तिला हे सगळं आठवत गेलं. हा नुसता छंद नव्हे. या वयात माणूस असा एकाच गोष्टीत गुरफटतो, हाकेला ओ देत नाही, तेव्हा ती स्मृतिभ्रंशाची सुरुवात असते, असं तिने ऐकलं होतं.

दोघं खाली बागेत गेल्यावर तिने लॅबचा नंबर काढला. जमणार नाही म्हणून सांगायचं. पण बोट बटणावर नेऊन ती थांबली. वडीलधाऱ्या माणसावर असा शिक्का मारण्याआधी एकदा खात्री करून घ्यायला हवी. तिने कॅमेरा उचलला आणि आवाज वाढवला.

पहिला व्हिडिओ लागला. खारू खणखणीत आवाजात म्हणत होती, "पान."

"बाण," मागून आजोबा म्हणाले.

खारूने नकारार्थी मान हलवली. "पान!"

"मान?"

हजारो मुलांना वाचायला शिकवलेला माणूस, त्याला साधा शब्द धरता येऊ नये? तिने पुढचा लावला. तोच प्रकार. त्याच्या पुढच्यात चुका थोड्या कमी, पण होत्याच. तिला बघवेना. शेवटचा, कालचाच, लावला.

खिडकीतला उजेड, मागे पांढरी भिंत, पडदाभर खारूचा चेहरा. ती भराभर बोलत होती, आणि तिचा शब्दही ऐकू येत नव्हता.

कॅमेऱ्यातला माइक बिघडला वाटतं. सुनेने कॅमेरा कानाशी नेला. पंख्याची घरघर ऐकू आली. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, तीही स्पष्ट ऐकू आली. कावळासुद्धा. फक्त खारूचे ओठ हलत होते. ती आवाज काढतच नव्हती.

ओठ थांबले. खारू भुवया उंचावून वाट पाहू लागली.

मग कॅमेऱ्यामागून आजोबांचा आवाज आला. अडखळत, एकेक शब्द जुळवत.

"'आईला... आत्ता सांगू नका. तिला कळलं... तर ती नोकरीला... जाणार नाही.' बरोबर वाचले का गं मी तुझे ओठ?"