कडी नका लावू

"हा म्हातारा चक्क खोटं बोलतोय," ती आईला म्हणाली आणि तिने नायकाच्या मुलाखतीवर काट मारली.

पटकथाकार बाबांच्या चरित्राचं हे शेवटचं प्रकरण. त्यांच्या सिनेमांतलं एकच वाक्य लोकांच्या तोंडी राहिलं होतं: ‘दार नुसतं लोटा, कडी नका लावू.’ नायक म्हणत होता, हे माझ्या आईचं वाक्य. दिग्दर्शक म्हणत होता, माझ्या आजीचं. संकलकाने तर बायकोचं नाव घेतलं होतं. तिघांनाही म्हणे बाबांनीच तसं सांगितलं होतं.

खरं काय ते तिला ठाऊक होतं. चार वर्षांची असताना अंधाराला घाबरून ती स्वतःच तसं म्हणाली होती. बाबा नेहमी सांगायचे.

पुराव्यादाखल छापायला तिने पटकथेची वही उघडली. त्या वाक्याखालीच बाबांच्या अक्षरात तारीख होती, तिच्या जन्माच्या दोन वर्षं आधीची.

तिने वही मिटली. मग तिने तळटीप लिहिली: ‘या वाक्याचे चार दावेदार आहेत. चौघांनाही लेखकानेच तसं सांगितलं होतं.’

आई मागे उभी राहून वाचत होती.

"पाच कर," ती म्हणाली.